आठ महिन्यांचं बाळ, चार दिवसांची सुट्टी आणि परदेशातलं शहर

कुडाळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "काकी, बाळ आठ महिन्यांचं झालं. ह्यांना शुक्रवार ते सोमवार सुट्टी मिळू शकते. दोन वर्षांखालच्या मुलाचं विमानाचं तिकीट जवळजवळ फुकट असतं असं ऐकलं, म्हणून आत्ताच परदेशातलं एखादं शहर बघून यावं असं मनात आहे. सिंगापूर करू की दुबई? सासूबाई म्हणतात, एवढंसं पोर घेऊन समुद्रापार कसले जाता! त्यांचं बरोबर की आमचं?"

सावंतवाडीत तिकिटांचं ऑफिस चालवते त्याला बावीस वर्षं झाली. त्याआधी सहलींबरोबर जायचे, आणि माझी दोन्ही मुलं वर्षाची व्हायच्या आत विमानात बसली. त्या अनुभवावरून सांगते, अर्धं बरोबर सासूबाईंचं आहे आणि अर्धं तुमचं. जाता येतं, मजाही येते. पण सिंगापूर की दुबई हे नंतर ठरव. आधी कागद घे आणि तुमच्या पडवीतून पाय बाहेर टाकल्यापासून त्या शहरातल्या हॉटेलात पाठ टेकेपर्यंत किती तास जातात ते मांड. मुंबई-पुण्याची माणसं 'वीकेंडला सिंगापूर' म्हणतात तेव्हा त्यांचा प्रवास विमानतळावर सुरू होतो. आपला कुडाळ स्टेशनात होतो.

माझी थोरली दहा महिन्यांची असताना आम्ही हेच केलं होतं. शुक्रवार ते सोमवार, सिंगापूर. रात्रीची बस, मुंबईत दिवसभर थांबा, मध्यरात्रीचं स्वस्त विमान. घरून निघून हॉटेलात पोचेपर्यंत तीसहून जास्त तास मोडले. पोचल्यावर पोरगी जी झोपली ती संध्याकाळपर्यंत, आणि आम्ही दोघं नवव्या मजल्याच्या खिडकीतून सिंगापूर बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी परत. धाकट्याच्या वेळी शहाणे झालो आणि कोलंबोला गेलो. तुलाही मी तेच सुचवणार आहे, आणि का ते सांगते.

लहान बाळाला तारीख कळत नाही, पण घड्याळ पक्कं कळतं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, दुबई दीड तास मागे. आकडा छोटा म्हणून दुबई सोपी वाटते ना? तिथे फसायला होतं. घरी सहाला उठणारं बाळ दुबईत पहाटे साडेचारला टक्क जागं होतं, आणि साडेचारला हॉटेलच्या खोलीत त्याला घेऊन करायचं काय? सिंगापूरला उलट होतं, बाळ तिथल्या साडेआठला उठतं आणि रात्री अकराला झोपतं, ते एक वेळ परवडतं. कोलंबोत हा प्रश्नच नाही, कारण २००६ पासून श्रीलंकेचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच आहे. मुंबईहून विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. सिंगापूरला साडेपाच.

सिंगापूरला नावं ठेवत नाही हं मी. बाळ घेऊन फिरायला त्याच्याइतकं सोयीचं शहर मी बघितलं नाही. सपाट फुटपाथ, प्रत्येक मेट्रो स्टेशनात लिफ्ट, मॉलमध्ये दूध पाजायला वेगळी खोली. तिथलं बोटॅनिक गार्डन पहाटे पाचला उघडतं, फुकट आहे, आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण त्याला किमान पाच पूर्ण दिवस हवेत, तुझ्याकडे प्रवास धरून चार आहेत. पुढे जाशील तेव्हा एक ध्यानात ठेव. तिथे १.३५ मीटरहून कमी उंचीच्या मुलाला गाडीत वेगळी सीट लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. आपले लोक अ‍ॅपवरून साधी गाडी बोलावतात, ड्रायव्हर बाळ बघून नकार देतो, आणि मग भर उन्हात वाद घालत उभे राहतात.

दुबईचं म्हणशील तर तिथे तुमचं कोणी असेल तरच जा. रत्नागिरी-राजापूरकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात असतं. नातेवाइकाचं घर म्हणजे स्वयंपाकघर आलं, कपडे धुण्याचं मशीन आलं, आणि पहाटे साडेचारला बाळ घेणारे आणखी दोन हात आले. तेही नोव्हेंबर ते मार्चमध्येच. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि दार उघडून आत गेलं की मॉल थंडगार. आपल्या दमट हवेत वाढलेल्या पोराला घाम सवयीचा असतो, एसीचा मारा सवयीचा नसतो. टोपडं आणि पायमोजे पिशवीत नाहीत, हाताशी ठेवायचे.

आता कोलंबो. माझी बहीण हसली होती, "समुद्र बघायला समुद्र ओलांडून गेलीस होय गो?" पण समुद्र बघायला आपण जातच नाही. शहर बघायला जातो, आणि ते शहर आपल्या बाळाच्या पोटाला ओळखीचं आहे. भात, नारळ, मासे. कुठल्याही साध्या खाणावळीत मऊ भात मागितला तर मिळतो, तिखट नको हे मात्र दोनदा सांगावं लागतं. रस्त्यावर तांबिली नावाचं केशरी शहाळं मिळतं. ते तुला आणि ह्यांना, बाळाला चमचाभर चाखायला दिलंत तर तुमच्यासमोर फोडून घ्या.

खोट आहे, तीही सांगते. फुटपाथ उंचसखल आणि तुटके, बाबागाडी निम्मा वेळ उचलूनच न्यावी लागते. मी ती घरी ठेवून पोटाला बांधायची पिशवी नेली, आणि उरलेला वेळ पोर कडेवर, जसं घरी असतं तसं. डेंग्यू तिथे आपल्यासारखाच आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे आणि झोपेच्या वेळी जाळी. बाळाला कुठलं क्रीम लावायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचार, दुकानदाराला नको. हवा जानेवारी ते मार्च चांगली. मे ते सप्टेंबर त्यांच्याकडेही आपलाच मोसमी पाऊस असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा झोडपतो. आणखी एक, भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा कधी ते बघ. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, देवळांत गर्दी आणि बरीच दुकानं बंद.

तिथे पोचल्यावर दिवसाला एकच गोष्ट. मी यादी करणाऱ्या लोकांना ऑफिसात बसवून त्यांच्या यादीतल्या निम्म्या ओळी खोडते. सकाळी बाळ ताजं असतं तेव्हा राष्ट्रीय संग्रहालय, १८७७ सालचं. पांढरी भव्य इमारत, कँडीच्या राजाचं सिंहासन आत आहे, आणि लागूनच विहारमहादेवी बाग. तासभर आत, तासभर झाडाखाली चटईवर. बारा ते चार खोलीत, पडदे लावून, तिघंही आडवे. संध्याकाळी गॉल फेस ग्रीनवर वारा खायला. पतंग उडतात, कोळंबी लावलेले वडे मिळतात, बाळ कुत्र्यांकडे आणि फुग्यांकडे बघून खूश. दुसऱ्या दिवशी बेइरा तलावातलं सीमा मालक. पाण्यावर उभं केलेलं ते शांत मंदिर जेफ्री बावा या वास्तुशिल्पज्ञाने रचलेलं आहे, आणि तिथे पोर रडलं तरी कोणी वळून बघत नाही. पेट्टाहचा बाजार बघायचाच असेल तर ह्यांनी एकट्याने जावं.

जाण्याचा रस्ता दोन प्रकारे होतो. पहिला कोकणकन्या एक्सप्रेसचा. गुरुवारी रात्री कुडाळला चढा, पहाटे ठाण्याला उतरा. बाळ रेल्वेत छान झोपतं, बसमध्ये नाही. गाडीने महामार्गावरून जवळजवळ पाचशे किलोमीटर जायचा विचारच सोड, पोराच्या मानेला आणि तुझ्या कमरेला दोघांनाही ते नको. ठाण्याहून थेट विमानतळ गाठू नका. डोंबिवलीला नाहीतर गिरगावात मावशी-आत्या नाही असं एक कोकणातलं घर मला दाखव. तिच्याकडे जा, बाळाला अंघोळ घाल, जेवा, दोन तास झोपा, मग दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान घ्या. मध्यरात्रीचं तिकीट चार पैसे स्वस्त असतं, ते वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी आजारपणात जातात. तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचू नकोस. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्यामुळे कुठलं विमानतळ आणि कुठलं टर्मिनल हे दोन्ही बघायचं.

दुसरा रस्ता गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाचा. कुडाळहून गाडीने तासाभराचा, बांद्याच्या पुढे डावा-उजवा होत. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात, पण परदेशी थेट उड्डाणं मोजकी आणि हंगामाप्रमाणे बदलणारी. म्हणून बेंगळुरू किंवा मुंबईमार्गे पुढचं विमान घ्यावं लागतं. ते एकाच तिकिटावर असेल तरच घे. वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्या कंपनीला तुझ्याशी काही देणंघेणं नाही. गेल्या वर्षी एक जोडपं असंच अडकलं, बाळाचं सगळं सामान चेक-इनच्या बॅगेत आणि हातात एकच डायपर. पावसाळ्यात दोन्ही रस्ते डळमळीत. कोकण रेल्वेचं वेळापत्रक त्या दिवसांत वेगळं असतं आणि कुठे दरड आली तर तेही कोलमडतं. गणपतीत तर नावच काढू नकोस.

मंगळवारची सकाळ सुट्टीत धर. सोमवारी विमानाने मुंबई, रात्री गाडी, मंगळवारी घरी. ह्यांना दुपारपासून कामावर जाता येईल, पण तू आणि बाळ तो दिवस काही ठरवू नका.

तिकिटाबद्दल ऐकलंस ते अर्धं खरं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं. परदेशी उड्डाणात बऱ्याच कंपन्या मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास भाडं आणि वर कर घेतात, काही कंपन्या ठरावीक रक्कम. फुकट नाही. परतीच्या दिवशीसुद्धा बाळ दोन वर्षांच्या आत असायला लागतं, तुझ्या बाळाला ती चिंता नाही. पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मोठ्या विमानातच असतो. कोलंबोसारख्या जवळच्या मार्गावर बहुधा छोटं विमान असतं, तेव्हा मांडीच. एकाने खिडकी, एकाने पॅसेजची जागा घ्या.

कागदपत्रांत लोक जिथे अडकतात ते आता नीट वाच. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, आईच्या पासपोर्टवर नाव घालायचे दिवस गेले. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. आणि आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी होतं, जन्माची नोंद त्याआधीच इस्पितळातून गेलेली असते. म्हणजे दाखल्यात नावाच्या जागी नुसतं 'मुलगा' नाहीतर मोकळी जागा. नाव घालायला बारा महिन्यांपर्यंत विलंब शुल्क नाही, नंतर आहे. अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत, जिथे नोंद झाली तिथे. तुझी प्रसूती माहेरी झाली असेल तर नोंदही माहेरच्या गावाला. पासपोर्टच्या अर्जाला आई-बाप दोघांच्या सहीचं जोडपत्र 'डी' लागतं. फी एक हजार रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सवलत. मुदत पाच वर्षं. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. पांढरी चादर अंथरून बाळाला त्यावर निजवायचं आणि वरून काढायचा. काजळ आणि गालावरची तीट पुसून घे, नाहीतर फोटोवाला दोनदा पैसे घेईल. दृष्ट घरी आल्यावर काढा.

तुझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल आणि बाळाचं आडनाव सासरचं, तर जन्मदाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेव. इमिग्रेशनला विचारलंच तर चटकन दाखवता येते. श्रीलंकेला जायला आधी ऑनलाइन परवाना घ्यावा लागतो, त्याला ईटीए म्हणतात. बाळाचाही वेगळा. त्याचे नियम आणि फी सारखी बदलते, आणि त्या नावाची बनावट संकेतस्थळं जादा पैसे उकळतात, म्हणून श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावरून भर. विमा घेताना पॉलिसीत किती महिन्यांच्या पुढच्या बाळाला संरक्षण आहे ते वाच.

लशीबद्दल लोक मला विचारत नाहीत, मी मात्र प्रत्येकाला सांगते. सगळे कागद होईपर्यंत तुझ्या बाळाला नऊ महिने पूर्ण होतील, म्हणजे गोवराच्या लशीची वेळ. ही लस इतर लशींसारखी नसते. इतरांचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, हिचा आला तर साधारण आठवडाभराने, सहा ते बारा दिवसांच्या दरम्यान. लोक 'जायच्या आधी आठवडाभर घेऊन टाकू' म्हणतात आणि ताप नेमका विमानात चढतो. शिवाय लशीचा उपयोग व्हायलाही दोनेक आठवडे लागतात. तेव्हा लस आणि प्रवास यांत तीन आठवडे ठेव. त्याच भेटीत डॉक्टरांकडून तापाचं औषध बाळाच्या वजनाप्रमाणे लिहून घे आणि मूळ बाटलीतच ने. निघायच्या दोन-तीन दिवस आधी ताप किंवा कान दुखत असेल तर तिकीट जाऊ दे. मी तिकीट विकणारी बाई असून हे सांगते आहे.

आता सासूबाईंचा डबा. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू त्या देणारच. त्यात खसखस असेल तर दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अफूच्या झाडाचं बी ना ते. आखातात तर त्यावरून लोक खरोखर अडचणीत येतात. कोलंबोला जाताना मी तरी खसखशीचं काही नेत नाही, आणि घरगुती पुड्यांतली बाळगुटीही नाही. नाव नसलेली तपकिरी पूड कस्टमवाल्याला काय म्हणून समजावून सांगणार? पोह्याचं भाजलेलं पीठ ने, उकळतं पाणी घातलं की पाच मिनिटांत पेज तयार. नाचणीचं सत्त्व शिजवावं लागतं, ते घरीच राहू दे. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं असेल तर शंभर मिलीलिटरचा नियम आड येत नाही, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवायचं. अंगावरचं दूध चालू आहे ना? मग तुझं निम्मं सामान वाचलं. डायपर दोन तासाला एक असे मोज आणि वर चार. कपड्यांचा जादा जोड बाळाचा सगळेच घेतात, आईचा कोणी घेत नाही, आणि ओकारी नेहमी आईच्या अंगावर होते.

विमान वर जाताना लोक बाळाला पाजतात, खरा त्रास उतरताना होतो. कानाच्या आतली नळी बाळाची अरुंद असते, दाब सारखा व्हायला गिळावं लागतं. उतरायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं, तेव्हा पाजायला घे. त्यासाठी त्याआधी तासभर पाजू नकोस, नाहीतर नेमक्या वेळी तोंड फिरवतं.

एक अगदी आपल्याकडची गोष्ट राहिली. बाळ झोळीत झोपतं ना? वाशाला बांधलेल्या साडीत झोके घेत झोपणारं पोर हॉटेलच्या सपाट पाळण्यात ठेवलं की डोळे मिटत नाही. थोरलीने पहिल्या रात्री हेच केलं, आणि हॉटेलने आधी कबूल केलेला पाळणाही दिला नव्हता. निघायच्या पंधरा दिवस आधीपासून दुपारची एक झोप जमिनीवर टणक गादीवर घालायला लाग. पहिले चार दिवस रडेल. तिथे जाताना घरच्याच वापराचं, न धुतलेलं दुपटं ने, वासाने बाळ निवतं. पाळणा मिळेल हे हॉटेलकडून लिहून घे, फोनवरचा होकार धरू नकोस.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनाही घेऊन जा. गंमत करत नाही. तिसरं माणूस असलं की तुम्ही दोघं एक संध्याकाळ नुसते चालून येऊ शकता, आणि विरोध करणाऱ्या बाईला बाळाचा ताबा मिळाला की तिचा विरोध मुंबई गाठेपर्यंत विरतो. माझ्या सासूबाई कोलंबोच्या बाजारात खुणांनी नारळाचा भाव करत होत्या. त्यांचा पासपोर्ट नसेल तर वेळ त्यातच जाईल, म्हणून अर्ज बाळाबरोबरच करा.

तारखा आत्ता ठरवू नका. आधी बाळाच्या जन्मदाखल्याचा फोटो काढून मला पाठव, नावाचा रकाना भरलेला आहे का तेवढं बघते.